इंटरनेटचा कारभार आणि त्याचे बाह्य परीक्षक

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सार्वजनिक संस्थेच्या कारभाराची तपासणी कोणी करावी, या प्रश्नाचे उत्तर भारतीय राज्यव्यवस्थेच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. शासकीय खर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचे पद राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ नुसार निर्माण झाले असल्याने ज्यांचा हिशेब तपासायचा त्यांच्या मर्जीवर ते अवलंबून नसतात. त्यांचा अहवाल संसदेपुढे येतो, लोकलेखा समिती त्याची छाननी करते. खासगी कंपनीच्या बाबतीत लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारक करतात, आणि सूचिबद्ध व इतर ठराविक वर्गांतील कंपन्यांना तो मर्यादित कालावधीनंतर बदलावा लागतो, अशी तरतूद कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९ मध्ये आहे. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात पुरेसे अंतर असावे, हे या दोन्ही व्यवस्थांमागील तत्त्व होय.

परंतु जी संस्था कोणत्याही एका संसदेला उत्तर देत नाही, जिला भागधारक नाहीत, मतदार नाहीत, आणि जिच्या निर्णयांचा परिणाम मात्र पृथ्वीवरील प्रत्येक इंटरनेट वापरकर्त्यावर होतो, तिचे परीक्षण कोणी करावयाचे? हा प्रश्न काल्पनिक नाही. इंटरनेटवरील नावे आणि क्रमांक यांच्या समन्वयाचे काम करणारी ‘आयकॅन’ ही अशीच संस्था आहे. तिने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे बाह्य सल्लागार संस्थांकडून ठराविक काळाने होणारे परीक्षण. हे उत्तर कितपत पुरेसे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आयकॅनची नोंदणी सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, नफा न कमावणारी लोकहितकारी संस्था म्हणून झाली. इंटरनेटवर कोणता मजकूर असावा वा नसावा, हे ती ठरवत नाही. परीक्षेतील उत्तरांमध्ये हा गैरसमज वारंवार डोकावतो. तिचे काम अधिक मर्यादित, पण अधिक मूलभूत आहे. संगणक एकमेकांना क्रमांकांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावाची क्रमांकाशी सांगड घालणाऱ्या व्यवस्थेच्या शिखरावर ‘रूट झोन’ म्हणून ओळखली जाणारी एक मूळ सूची असते. ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’, ‘.इन’ यांसारखी शेवटची अक्षरे कोण सांभाळणार, याची नोंद तीत असते. ही सूची जगभर एकच असते, म्हणूनच पुण्यात टाइप केलेला पत्ता आणि नैरोबीत टाइप केलेला पत्ता एकाच ठिकाणी पोहोचतो. या सूचीत नवीन नाव घालण्याचे निकष कोणते, ते नाव कोणाला द्यावयाचे आणि कोणत्या अटींवर, हे निर्णय कोट्यवधी डॉलरच्या व्यवसायाशी निगडित आहेत. संस्थेचे उत्पन्नही मुख्यतः नोंदणी व्यवसायातील कंपन्यांच्या शुल्कातून, म्हणजे अखेरीस डोमेन नाव घेणाऱ्याच्या खिशातून येते.

प्रारंभी उत्तरदायित्वाचा मार्ग म्हणून निवडणुकीचा प्रयोग करण्यात आला. २००० साली जगातील सामान्य इंटरनेट वापरकर्त्यांना ऑनलाइन मतदानाने पाच संचालक निवडण्याची संधी मिळाली. प्रत्येक भूखंडनिहाय विभागातून एक, अशी ती व्यवस्था होती. मतदान केले सुमारे ३४ हजार लोकांनी. जागतिक मतदारसंघ म्हणून ही संख्या तुटपुंजी होती, हे खरे. पण या निवडणुकीतून जे घडले ते बोधप्रद आहे. उत्तर अमेरिकेतून निवडून आलेले कार्ल ऑरबाख यांनी संस्थेचे अंतर्गत कागदपत्र पाहावयास मागितले. संस्थेने अटी घातल्या. अखेर संचालकालाच स्वतःच्या संस्थेविरुद्ध लॉस एंजेलिसच्या न्यायालयात जावे लागले आणि जुलै २००२ मध्ये निकाल ऑरबाख यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी संस्थेने जी मोठी पुनर्रचना केली, तीत वापरकर्त्यांनी थेट संचालक निवडण्याची पद्धतच रद्द झाली. तिच्या जागी एक नामनिर्देशन समिती आणि वापरकर्त्यांची ‘ॲट-लार्ज’ सल्लागार समिती आली. मतपेटी गेली, सल्ला उरला.

याच पुनर्रचनेत नियतकालिक परीक्षणाची तरतूद संस्थेच्या पोटनियमांमध्ये समाविष्ट करण्यात आली. हा योगायोग मानता येणार नाही. निवडणुकीने जे उत्तरदायित्व साधावयाचे होते, त्याची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करणे भाग होते. पोटनियमांनुसार संस्थेच्या प्रत्येक घटकाचे, शक्य असल्यास प्रारंभी दर तीन आणि पुढे दर पाच वर्षांनी, त्या घटकाबाहेरील स्वतंत्र परीक्षकाकडून परीक्षण व्हावे, असे ठरले. परीक्षकापुढील प्रश्न दोन. या घटकाची संस्थेच्या रचनेत अजूनही गरज आहे काय? आणि असल्यास, तो अधिक परिणामकारक होण्यासाठी रचनेत वा कार्यपद्धतीत कोणता बदल हवा? २०१६ मध्ये तिसरा प्रश्न जोडला गेला: हा घटक ज्यांचे प्रतिनिधित्व करतो, त्यांना तो उत्तरदायी आहे काय?

या कामासाठी जगभरातून निविदा मागविल्या जातात. आजवर हे काम केलेल्यांची यादी पाहिली तर तीत मोठे वैविध्य दिसते. ‘जीएनएसओ’ या, सर्वसाधारण डोमेन नावांचे धोरण ठरविणाऱ्या घटकाचे पहिले परीक्षण २००६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एका संशोधन गटाने केले. २००७ मध्ये लंडनच्याच ‘वन वर्ल्ड ट्रस्ट’ने उत्तरदायित्व व पारदर्शकता यांची पाहणी केली. संचालक मंडळाचे परीक्षण २००८ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपकडे होते. मात्र या क्षेत्रात पुन्हा पुन्हा भेटणारे एक नाव न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील वेस्टलेक या छोट्या सल्लागार संस्थेचे आहे. कंपन्या आणि सार्वजनिक संस्था यांच्या संचालक मंडळांना कारभाराविषयी सल्ला देणे हा तिचा मूळ व्यवसाय. ॲट-लार्ज समितीचे २००८ मधील परीक्षण, रूट सर्व्हर प्रणाली सल्लागार समितीचे २००९ मधील परीक्षण, आणि जीएनएसओचे २०१४-१५ मधील दुसरे परीक्षण, ही तिन्ही कामे तिने केली. इंटरनेटच्या तंत्रज्ञानात नव्हे, तर मंडळे कशी चालतात या विषयात तज्ज्ञ असलेल्यांना हे काम मिळावे, हे अर्थपूर्ण आहे. राउटर बिघडला तर तो दुरुस्त करणारे अभियंते संस्थेत पुष्कळ आहेत. बैठक बिघडली तर ती का बिघडली, हे सांगणारा बाहेरचाच लागतो.

परीक्षण कसे होते, हे थोडे तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल. आधी कागदपत्रे वाचली जातात: पोटनियम, इतिवृत्ते, मागील परीक्षणाचा अहवाल आणि त्याची अंमलबजावणी. नंतर सर्व बाजूंनी मत घेणारी ऑनलाइन प्रश्नावली प्रसृत होते. तिला त्या घटकाचे सदस्य, कर्मचारी, संचालक आणि इतर गटांतील लोक उत्तरे देतात. त्यानंतर प्रत्यक्ष मुलाखती. आयकॅनच्या सभा वर्षातून तीनदा निरनिराळ्या देशांत भरत असत. परीक्षक तेथे जाऊन मागच्या रांगेत बसतात आणि कोण बोलते, कोण गप्प राहते, याची नोंद घेतात. अहवालाचा मसुदा जाहीर होतो, त्यावर कोणालाही लेखी मत देता येते, आणि ती मते सर्वांना पाहता येतात. अंतिम अहवाल आल्यानंतर परीक्षण झालेल्या घटकाचा एक कार्यगट प्रत्येक शिफारस व्यवहार्य आहे किंवा नाही, याचे मूल्यमापन करतो. शेवटचा निर्णय संचालक मंडळाचा.

म्हणजे परीक्षक सांगतो, परंतु ठरवत नाही. या दोहोंमधील अंतर किती असू शकते, हे प्रत्यक्ष उदाहरणांवरून स्पष्ट होते.

ॲट-लार्ज समितीच्या पहिल्या परीक्षणानंतर संचालक मंडळाच्या कार्यगटाने जून २००९ मध्ये वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींना मंडळावर मतदानाच्या अधिकारासह दोन जागा द्याव्यात, असे सुचविले. मंडळाने ऑगस्ट २००९ मध्ये तत्त्वतः एक जागा मान्य केली आणि आधीचा मतदानाचा अधिकार नसलेला संपर्क प्रतिनिधी काढून घेतला. नवा संचालक डिसेंबर २०१० पासून मंडळावर आला. २००० साली पाच, मग शून्य, मग एक. एक जागा मोठी नव्हे, तथापि परीक्षणाच्या प्रक्रियेवाचून तीही मिळाली असती, असे म्हणणे कठीण आहे. येथे एक विनोदी भागही आहे. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने मंडळ फार मोठे असून ते लहान करावे, असे सुचविले होते. मतदानाचा अधिकार असलेले तेव्हाचे पंधरा सदस्य कमी झाले नाहीत. या नव्या जागेमुळे ते सोळा झाले.

जीएनएसओच्या दोन परीक्षणांची तुलना अधिक उद्बोधक आहे. २००६ च्या अहवालानंतर त्या घटकाची रचनाच बदलली. आयकॅनशी करार असलेल्या नोंदणी कंपन्यांचे एक सभागृह आणि व्यापारी व बिगरव्यापारी वापरकर्त्यांचे दुसरे, अशी द्विसभागृही परिषद ऑक्टोबर २००९ मध्ये सोल येथील सभेत अस्तित्वात आली. संसदीय रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना यातील हेतू लगेच उमगेल: विक्रेत्यांनी वापरकर्त्यांना, वा वापरकर्त्यांनी विक्रेत्यांना, निव्वळ संख्याबळावर नमवू नये. वेस्टलेकच्या दुसऱ्या परीक्षणाच्या वेळी मात्र ही रचना योग्य आहे काय, हा प्रश्नच परीक्षणाच्या कक्षेबाहेर राहिला. बिगरव्यापारी गटातील अनेकांनी त्यावर टीका केली. सप्टेंबर २०१५ च्या अंतिम अहवालात ३६ शिफारशी होत्या. सहभाग, सातत्याने सुधारणा, पारदर्शकता आणि भावी गरजा यांभोवती त्या गुंफलेल्या होत्या. धोरणनिर्मितीत भाग घेणाऱ्यांमध्ये उत्तर अमेरिका व युरोप यांचे प्राबल्य आहे, आणि ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग शोधावेत, याकडे अहवालाने लक्ष वेधले. जून २०१६ मध्ये मंडळाने ३६ पैकी ३४ शिफारशी स्वीकारल्या. पहिल्या परीक्षणाने सभागृह बदलले. दुसऱ्याने त्या सभागृहातील वागणूक बदलण्याचा प्रयत्न केला. कक्षा कोण आखतो, यावर अहवालाचे वजन किती हे ठरते.

याउलट, परीक्षित घटकाने परीक्षकालाच नाकारल्याचे उदाहरणही आहे. ॲट-लार्जचे दुसरे परीक्षण ‘आयटेम्स इंटरनॅशनल’ या फ्रेंच संस्थेने २०१६-१७ मध्ये केले आणि वैयक्तिक सदस्यत्वावर आधारित एक नवे प्रारूप सुचविले. ॲट-लार्ज समुदायाला ते मान्य झाले नाही. त्याने स्वतःचा पर्यायी प्रस्ताव तयार केला, आणि जून २०१८ मध्ये मंडळाने परीक्षकाच्या प्रारूपाऐवजी समुदायाचा प्रस्ताव स्वीकारला. यात परीक्षकाचा पराभव दिसतो. पण परीक्षकाने आव्हान दिले नसते, तर आपल्या उणिवांचे उत्तर लेखी देण्याची गरज त्या समुदायाला भासली असती काय?

आता या व्यवस्थेच्या मर्यादांकडे. पहिली मर्यादा उघड आहे. परीक्षकाची निवड आयकॅन करते आणि शुल्कही आयकॅनच देते. पुढचे काम याच संस्थेकडून मिळण्याची शक्यता असलेला सल्लागार किती कठोर होईल, ही शंका घेणे अनुचित नाही. मसुदा जाहीर करणे आणि त्यावरील सर्व मते खुली ठेवणे हा यावरील उतारा आहे. तो उपयुक्त असला तरी अनुच्छेद १४८ ची जागा तो घेऊ शकत नाही. दुसरी मर्यादा कमी चर्चिली जाते. सरकारांची सल्लागार समिती, जीत भारतासह बहुसंख्य देश सदस्य आहेत, या बाह्य परीक्षणातून वगळलेली आहे. तिने आपल्या परीक्षणाची व्यवस्था स्वतः करावयाची आहे. सार्वभौम सरकारांच्या समितीची तपासणी एखाद्या खासगी सल्लागाराने करावी, हे सरकारांना रुचणारे नाही, हे समजण्याजोगे आहे. पण इतर सर्वांकडे उत्तरदायित्वाची मागणी करणाऱ्यांच्या बाबतीत ही सवलत खटकते.

तिसरी मर्यादा अशी की, परीक्षण रचना पाहते. संकट सहसा रचनेच्या बाहेरून येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘.ऑर्ग’ची नोंदणी सांभाळणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. सेवाभावी संस्थांनी जगभर विरोध केला. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आयकॅनला पत्र लिहून मंजुरी न देण्याविषयी सांगितले, आणि महिनाअखेरीस आयकॅनने संमती नाकारली. परीक्षणाच्या पाच वर्षांच्या चक्राचा येथे काही उपयोग नव्हता. उपयोगी पडला तो लोकांचा दबाव आणि ज्या राज्यात नोंदणी झाली त्या राज्याचा कायदा. आफ्रिका खंडातील इंटरनेट पत्त्यांचे वाटप करणाऱ्या ‘आफ्रिनिक’ या संस्थेची कथा याहून गंभीर आहे. न्यायालयीन वादांत तिच्या संचालक मंडळाची गणसंख्याच उरली नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर प्रशासक नेमला. प्रादेशिक पत्तासंस्थांच्या जागतिक संघटनेचे परीक्षण २०१७ मध्ये होऊन गेलेले होते. संघटनेची तपासणी झाली म्हणजे तिच्या प्रत्येक सदस्याचे घर शाबूत आहे, असा अर्थ काढता येत नाही.

२०१६ नंतर उत्तरदायित्वाचे आणखी एक साधन उपलब्ध झाले. रूट झोनसंबंधीच्या कामावर अमेरिकी वाणिज्य विभागाचा करारान्वये असलेला अधिकार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला. त्याची जागा घेण्यासाठी ‘सक्षम समुदाय’ ही व्यवस्था निर्माण झाली. पाच घटकांच्या या समुदायाला अंदाजपत्रक नाकारण्याचा, पोटनियमांतील बदल रोखण्याचा, वेळ आली तर संपूर्ण संचालक मंडळ हटविण्याचाही अधिकार आहे. एका अर्थी २००२ मध्ये गमावलेली मतपेटी वेगळ्या रूपात परत आली. फरक इतकाच की आता मत देतात ते घटक, व्यक्ती नव्हेत. म्हणूनच हे घटक स्वतः प्रातिनिधिक आहेत काय, हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला. समुदायाच्या हाती मंडळ हटविण्याची शक्ती असेल, तर समुदायाची तपासणी ही औपचारिकता राहत नाही.

भारताच्या भूमिकेचा प्रवासही याच संदर्भात पाहावयास हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्र महासभेत इंटरनेटविषयक धोरणांसाठी सरकारांची एक समिती संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली असावी, असा प्रस्ताव मांडला होता. जून २०१५ मध्ये ब्यूनस आयर्सच्या सभेत भारताने बहुहितसंबंधी प्रारूपाला पाठिंबा जाहीर केला. अमेरिकी करार संपल्यानंतरची पहिली सभा नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला भरली. सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संघटना यांनी एका टेबलाशी बसून निर्णय घ्यावेत, ही भूमिका एकदा स्वीकारली की त्या टेबलाशी प्रत्यक्षात कोण बसते, हे मोजण्यात भारताचा हितसंबंध निर्माण होतो.

याचे एक जवळचे उदाहरण भाषेचे आहे. देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे नाव २०१४ मध्ये सुरू झाले आणि हिंदी, मराठी, कोंकणी आदी भाषांत संपूर्ण पत्ता लिहिण्याची सोय झाली. रूट झोनमध्ये देवनागरीतील कोणती अक्षरे व जोडाक्षरे चालतील, याचे नियम भारतीय लिपींच्या अभ्यासकांच्या गटाने आयकॅनच्याच चौकटीत तयार केले. ‘वऱ्हाड’ किंवा ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र, जो हिंदीच्या वाचकाला अपरिचित असतो, तो अशा नियमांत बसतो की नाही, हे ठरविणाऱ्या बैठकीत मराठी जाणणारा कोणी असणे किंवा नसणे, यावर पुढील कित्येक वर्षांची सोय वा गैरसोय अवलंबून असते. वेलिंग्टनच्या सल्लागारांनी इंग्रजीबाह्य सहभागाबद्दल केलेली शिफारस अशा ठिकाणी प्रत्यक्ष अर्थ धारण करते.

दरम्यान परीक्षणांचा भार स्वयंसेवी सदस्यांना जड होऊ लागला. एका घटकाचे परीक्षण संपून त्याची अंमलबजावणी पुरी होते न होते तोच दुसरे दाराशी उभे, अशी तक्रार वाढली. उत्तरदायित्व व पारदर्शकता यांचा आढावा घेणाऱ्या तिसऱ्या पथकाने २०२० मध्ये घटकांची सुटी सुटी परीक्षणे थांबवून प्रत्येक घटकाने सतत आत्मसुधारणेचा कार्यक्रम चालवावा, आणि सर्व घटकांचे एकत्रित, समग्र परीक्षण ठराविक काळाने व्हावे, असे सुचविले. जीएनएसओचे तिसरे परीक्षण मंडळाने जून २०२१ मध्ये पुढे ढकलले. उत्तरदायित्वविषयक चौथा आढावाही ठरल्या वेळी सुरू झाला नाही, आणि २०२५ मध्ये परीक्षणांच्या या संपूर्ण पद्धतीचेच परीक्षण करण्याचे काम समुदायाने हाती घेतले.